चार लिटर पाणी आणि एक दबलेली शीर

घरात आजी-आजोबा आहेत ना? मग त्यांचा हात पाच मिनिटं मागून घ्या. तुमच्या-आमच्या हातावर शिरा धड दिसत नाहीत, पण आजोबांच्या पंज्याच्या पाठीवर त्या कशा टरारून उठलेल्या असतात! त्यातली एक फुगीर शीर निवडा आणि तिच्यावर बोट नुसतं टेकवा. दाबायचं नाही हं, टेकवायचंच. शीर लगेच चपटी! आता मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूला नाडी शोधा आणि तिच्यावरही तेवढ्याच हलक्या हाताने बोट ठेवा. ती आपली टकटक चालूच. तिला थांबवायचं तर चांगला जोर लावावा लागतो, आणि तोवर आजोबाच विचारतात, "काय रे, काय चाललंय?"

चाललंय ते असं. हृदय रक्त ढकलतं ते रोहिण्यांमधून. नाडी ही रोहिणीच. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून '१२० बाय ८०' असं काहीतरी म्हणतात, तो या ढकलण्याचा आकडा. पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंच खांब तोलून धरता येईल एवढा तो दाब. पुढे तेच रक्त केसाहून बारीक वाहिन्यांतून वाट काढत अंगभर फिरतं आणि शिरांमधून परतीला लागतं. तोवर त्याचा जोर पार संपलेला असतो. आडवं झोपलेल्या माणसाच्या पोटातल्या सगळ्यांत मोठ्या शिरेत हा दाब असतो पाऱ्याच्या जेमतेम ५ ते १० मिलिमीटरचा! शिरेची भिंतही पातळ. म्हणजे कुणी जरासं रेललं तरी बिचारी चपटी होणार.

आता प्रश्न असा, की पोटाच्या इतक्या आत या शिरेवर रेलणार कोण?

आधी शिरेचा पत्ता सांगतो. दोन्ही पायांकडून आलेल्या शिरा बेंबीच्या थोडं खाली एकमेकींना मिळतात आणि तिथून एक जाडजूड शीर पाठीच्या कण्याला चिकटून, उजव्या अंगाने वर निघते. तिचं पूर्ण नाव इन्फिरिअर व्हेना कावा. डॉक्टर मंडळी घाईची, ती नुसतं आयव्हीसी म्हणून मोकळी होतात. आपण महाशीर म्हणू. ही महाशीर साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. वाटेत दोन्ही मूत्रपिंडांचं रक्त तिला येऊन मिळतं. मग ती यकृताच्या पाठीमागे जाते. नुसती मागून जात नाही, तर यकृताच्या पाठीला तिच्यासाठी एक खोलगट खाचच असते, त्या खाचेत ती बसलेली असते. अगदी वरच्या टोकाला यकृताच्या स्वतःच्या तीन मोठ्या शिरा तिच्यात रिकाम्या होतात, आणि लगेच श्वासपटलातल्या एका भोकातून वर जाऊन ती हृदयात पोचते.

यकृत म्हणजे लिव्हर. घरी मटण आणत असाल तर कलेजी पाहिली असेलच: गुळगुळीत, तपकिरी-लाल, हाताला मऊ पण जड. मोठ्या माणसाचं यकृत दीड किलोच्या आसपास असतं. पोटात उजवीकडे वरच्या अंगाला, बरगड्यांच्या आडोशाला ते बसतं आणि दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. गंमत म्हणजे त्यातलं तीन चतुर्थांश रक्त रोहिणीतून येतच नाही, आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं. तुम्ही दुपारी खाल्लेल्या वरणभातातला माल आधी इथे उतरतो, मग पुढे अंगाला वाटला जातो.

आणि याच यकृतात काही माणसांना पाण्याची पिशवी होते. सिस्ट म्हणतात तिला.

ही पिशवी बहुतेक वेळा जन्माआधीच सुरू झालेली असते. बाळाचं यकृत घडत असताना त्यात पित्त वाहून नेणाऱ्या हजारो बारीक नळ्या तयार होतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. एखादी नळी जोडायची राहून जाते. दोन्ही तोंडं बंद! पण तिच्या आतल्या पेशींना हे कुणी कळवलेलं नसतं. त्या आपल्या नेहमीप्रमाणे थोडं थोडं पाणी झिरपवत राहतात. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. मग नळी फुगून पिशवी होते, आणि तीही अशी सावकाश, की वीस-तीस वर्षांत कुणाला पत्ता लागत नाही. पुष्कळांना तर तो कधीच लागत नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी करायला जावं आणि डॉक्टरांनी सहज म्हणावं, "लिव्हरमध्ये छोटी सिस्ट दिसतेय, काळजी करू नका." ते खरंच असतं. बहुतेक सिस्ट कुणाच्या अध्यातमध्यात नसतात, त्यांना औषधही लागत नाही आणि ऑपरेशनही नाही.

काही मात्र वाढतच जातात. इथे वही-पेन घ्या, कारण गणिताशिवाय हे पटणार नाही. गोलाचं घनफळ काढायचं सूत्र मोठ्या भावंडांना विचारा. ५ सेंटिमीटर व्यासाच्या सिस्टमध्ये पाणी मावतं सुमारे ६५ मिलिलिटर. दोन-तीन घोट. व्यास दुप्पट झाला, १० सेंटिमीटर. पाणी दुप्पट झालं का? छे, आठपट! अर्धा लिटर. व्यास आणखी एकदा दुप्पट करा, २० सेंटिमीटर. आता पाणी सुमारे ४.२ लिटर, आणि वजनही तेवढेच किलो. ज्या यकृतात ही पिशवी आहे त्याचं स्वतःचं वजन दीड किलो, हे विसरू नका. घरमालकापेक्षा भाडेकरू जवळजवळ तिप्पट जड! आणि एवढ्या मोठ्या सिस्ट खरोखर असतात. १० सेंटिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर तिला जायंट, म्हणजे महाकाय म्हणू लागतात. मोठ्या सिस्टचा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि तोही बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर.

समजा, अशाच कुणा मावशींच्या यकृतात ही २० सेंटिमीटरची पिशवी आहे. तिला जागा कुठून मिळणार? वर श्वासपटल, बाहेरून बरगड्यांचा पिंजरा, मागे कणा. पुढे आणि खाली थोडी सवड असते, तिकडे ती आधी सरकते. जठराला रेटते, म्हणून मावशींचं पोट दोन घासांत भरतं. श्वासपटलाला रेटते, म्हणून जिना चढताना दम लागतो. दुखायचं म्हणाल तर यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाही. त्याच्यावर एक पातळ वेष्टन असतं, ते ताणलं गेलं की मात्र उजव्या बरगडीखाली जडजड वाटतं, ठणकतं. या वेष्टनाला फ्रान्सिस ग्लिसन नावाच्या इंग्रज डॉक्टरचं नाव आहे. या गृहस्थांनी १६५४ मध्ये नुसत्या यकृतावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं!

आणि पिशवी यकृताच्या मागच्या भागात असेल तर? मागे कणा. तो काही हलायचा नाही. कणा आणि पिशवी यांच्या मधोमध सापडते आपली महाशीर, पाऱ्याच्या ५-१० मिलिमीटरच्या जोरावर जगणारी.

ती चपटी होते. एका दिवसात नाही, हळूहळू. पायांकडून वर येणारं रक्त तिथे अडतं, मागे तुंबतं, आणि त्यातलं पाणी पायांच्या कातडीखाली झिरपू लागतं. संध्याकाळी मावशींच्या चपलेचा पट्टा रुततो. नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. सुजलेल्या पायांचं कारण पोटात, बरगड्यांच्या आत दडलंय हे पटकन कुणाच्या ध्यानात येईल? पाय सुजायची इतर कारणं ढीगभर असतात. हृदय, मूत्रपिंड, सगळं तपासून झाल्यावर कुणीतरी पोटाची सोनोग्राफी करायला सांगतं.

पण रक्त काही नुसतं तुंबून बसत नाही. घाटात दरड कोसळली की गाड्या गावागावांतल्या आडवाटांनी पलीकडे निघतात, तसं ते निघतं. पोटाच्या कातडीखालच्या, एरवी कुणी विचारत नसलेल्या बारीक शिरा आता हे रक्त वर नेऊ लागतात आणि रुंद होत जातात. काही रुग्णांच्या पोटावर अशा वळणावळणाच्या शिरा उघड्या डोळ्यांनी दिसतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात, की त्या शिरांत रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते बोटांनी तपासा. बेंबीच्या खालीसुद्धा ते वरच्या दिशेने धावत असेल, तर महाशिरेत अडथळा असल्याचा संशय घ्या. दोन बोटांत केवढी तपासणी!

तुंबलेल्या रक्ताची आणखी एक भीती असते. वाहतं नसलेलं रक्त गोठायला लागतं. पायाच्या शिरेत गुठळी झाली आणि सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. सिस्टने यकृताच्या त्या तीन शिरा दाबल्या तर यकृतच रक्ताने फुगतं आणि पोटात पाणी साठतं. पोर्टल व्हेन दाबली तर प्लीहा मोठी होते. पित्ताची नळी दाबली तर डोळे पिवळे, कावीळ. कुणाच्या शेजारी बसलीय त्यावर सगळं अवलंबून! म्हणून डॉक्टर नुसतं 'केवढी' असं विचारून थांबत नाहीत, 'कुठे' हेही विचारतात. कडेला असलेली मोठी सिस्ट एखाद्या वेळी मुकाट राहते, पण महाशिरेजवळची तिच्याहून लहान सिस्ट सळो की पळो करून सोडते.

जाता जाता एक सांगतो. महाशिरेवर रेलणारं आणखी एक गाठोडं तुमच्या ओळखीचं आहे. ते म्हणजे तुम्ही स्वतः! पोटातलं बाळ मोठं झालं, की आई उताणी झोपल्यावर त्याचा भार थेट या शिरेवर येतो आणि काहींना गरगरतं. म्हणून शेवटच्या महिन्यांत आईला कुशीवर, विशेषतः डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. महाशीर उजवीकडे ना!

बरं, आता मावशी सोनोग्राफीच्या टेबलावर आहेत. आपल्याला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींचं चित्र बनवायचं, एवढंच ते यंत्र करतं. स्वच्छ पाण्यातून आवाज सरळ निघून जातो, परततच नाही. त्यामुळे पडद्यावर पाणी दिसतं काळंकुट्ट. राखाडी यकृतात एक गुळगुळीत काळा गोल दिसला, की तपासणारे ओळखतात. मग सीटी स्कॅन होतो. त्याच्या मोजपट्टीवर हवेला उणे १०००, पाण्याला बरोबर शून्य आणि घट्ट हाडाला हजाराच्या आसपास गुण मिळतात. ही मोजपट्टी गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरच्या नावाने ओळखतात. १९७१ मध्ये त्याच्या यंत्रावर पहिल्यांदा माणसाचा मेंदू पाहिला गेला आणि १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. परीक्षेत शून्य मिळालं तर तोंड पाडून बसावं लागतं, पण गाठीला शून्याच्या जवळपास गुण मिळाले की डॉक्टर खूश. आत साधं पाणी आहे, भलतंसलतं काही नाही.

भलतंसलतं म्हणजे काय असू शकतं? काही गाठी वेगळ्या जातीच्या असतात, त्या अख्ख्या काढाव्या लागतात. आणि एक गाठ तर चक्क दुसऱ्या प्राण्याची असते! तिची गोष्ट मला फार आवडते, तेव्हा ऑपरेशन जरा थांबू दे.

कुत्र्याच्या आतड्यात एक फीतकृमी राहतो, जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर लांब. त्याची अंडी कुत्र्याच्या शीतून गवतावर पडतात. मेंढी ते गवत खाते, अंडं फुटतं आणि कृमीचं पिल्लू तिच्या यकृतात पोचून स्वतःभोवती पाण्याची पिशवी बांधतं. मेंढी कापल्यावर तिचं यकृत कुत्र्यापुढे टाकलं, की कृमी पुन्हा कुत्र्यात. असं चक्र चालतं. आपण माणसं या चक्रात चुकून शिरतो. न धुतलेले हात किंवा न धुतलेली पालेभाजी, एवढं पुरतं. या पिशवीला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. आपल्या देशातही, जिथे मेंढ्या, शेळ्या आणि कुत्री एकत्र वावरतात तिथे ती आढळते. तिच्यात सुई खुपसताना दहादा विचार करावा लागतो. पाणी पोटात सांडलं तर अंगाला भयंकर ॲलर्जी येऊ शकते, आणि त्या पाण्यातले कण जिथे पडतील तिथे नवी पिशवी धरतात! म्हणून ऑपरेशनच्या वेळी आजूबाजूला तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात आणि आधी-नंतर अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतात. हे नाव वाचल्यासारखं वाटतंय? शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी चघळायची गोळी हीच. फक्त इथे ती आठवडेच्या आठवडे घ्यावी लागते.

एकोणिसाव्या शतकात या आजाराने आइसलँडला अगदी बेजार केलं होतं. बर्फाळ देश, मेंढ्या उदंड, घरोघर कुत्री. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे हा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला आणि त्याने मेलेल्या कुत्र्यांची आतडी तपासायला घेतली. शंभरातल्या २८ कुत्र्यांमध्ये हा कृमी सापडला. मग त्याने सोप्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती आइसलँडच्या घराघरांत वाटली गेली. मेंढीचे टाकाऊ अवयव कुत्र्यांना घालू नका, पुरा किंवा जाळा, असं तिच्यात सांगितलेलं. तिथे हिवाळ्याच्या लांब रात्री वाचण्यात घालवायची रीत होती, त्यामुळे लोकांनी ती खरंच वाचली. पुढे कायदे झाले. राजधानी रेक्याविकमध्ये तर १९२४ पासून कुत्रा पाळायलाच बंदी घातली, ती थेट १९८४ मध्ये सैल झाली! आइसलँड आज या आजारातून मोकळा आहे. लाखो रुपयांचं कुठलंही यंत्र न वापरता, एका पुस्तिकेने सुरुवात करून. मला तर हे कुठल्याही ऑपरेशनपेक्षा भारी वाटतं.

असो. मावशींची सिस्ट साधी निघाली. आता काय करायचं?

तुम्ही म्हणाल, सुई घालून पाणी काढून टाका की! करतातही तसं. पण आतल्या पेशी जिवंत असतात, त्यांचं झिरपणं चालूच राहतं आणि काही आठवड्या-महिन्यांत पिशवी पुन्हा टम्म. मग कधी कधी पाणी काढल्यावर आत थोडा वेळ तीव्र अल्कोहोल भरून ठेवतात, त्या पेशी मराव्यात म्हणून. काहींना तेवढ्याने बरं वाटतं.

मग तुम्ही म्हणाल, अख्खी पिशवीच सोलून काढा. ऐकायला बरं वाटतं, पण विचार करा: पिशवीची मागची भिंत कुठे चिकटलीय? महाशिरेला! वर्षानुवर्षं दाबून दाबून दोन्ही भिंती अगदी एकमेकींना भिडलेल्या. तिथे सोलताना शिरेला चीर गेली तर रक्ताचा लोंढा, आणि तो थांबवायला जागा इतकी अडचणीची, की भल्या भल्या सर्जनांना घाम फुटतो.

तर मग युक्ती अशी. पिशवी राहू द्यायची, फक्त तिचं छप्पर काढायचं! यालाच डीरूफिंग म्हणतात. मोठी सिस्ट यकृताच्या पृष्ठभागावर फुगून वर आलेली असते. तिचा तेवढा वर आलेला भाग कापून काढला, की पिशवी उरतच नाही, नुसता एक उघडा खळगा उरतो. पेशी पाणी झिरपवत राहिल्या तरी ते पोटाच्या पोकळीत उतरतं, आणि पोटाला आतून जे ओलसर अस्तर असतं ते हे पाणी शोषून घेतं. हे अस्तर उलगडून पसरलं तर तुमच्या सगळ्या अंगाच्या कातडीएवढं भरेल. त्याला रोजचं एवढंसं पाणी म्हणजे काहीच नाही. तैवानचे सर्जन टी. वाय. लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये ही कल्पना पुढे नेली. त्यांच्या रुग्णांच्या यकृतात एक नव्हे, असंख्य सिस्ट होत्या. त्यांनी वरच्या सिस्ट पोटात उघडल्या आणि त्यांच्यातून आत शिरून खालच्या सिस्टना खिडक्या पाडल्या. खोलीतून खोलीत वाट!

आज हे बहुतेक वेळा दुर्बिणीतून करतात. १९९१ पासून तशी ऑपरेशनं नोंदलेली आहेत. पोटावर सेंटिमीटरभराची किंवा त्याहून लहान तीन-चार भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डाय-ऑक्साइड भरतात. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. त्याचा दाब ठेवतात पाऱ्याच्या १२ मिलिमीटरच्या आसपास. आकडा ओळखीचा वाटला? महाशिरेतला दाब ५ ते १०! म्हणजे हा वायूही तिला थोडा दाबणारच, आणि ती आधीच दबलेली. हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडलं तर रक्तदाब घसरतो. म्हणून डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञांची नजर पडद्यावरच्या आकड्यांवरून क्षणभर हलत नाही. सगळे सर्जनचं कौतुक करतात, भूलतज्ज्ञांचं नाव कुणी विचारत नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

कॅमेरा आत गेला. तपकिरी यकृतावर निळसर, पातळ, चकचकीत घुमट दिसतो. आधी त्यात एक छोटं भोक पाडून पाणी ओढून घेतात आणि त्याचा रंग बघतात. स्वच्छ किंवा फिकट पिवळसर असेल तर उत्तम. हिरवट असेल तर त्यात पित्त मिसळतंय, म्हणजे पित्ताची एखादी नळी पिशवीत उघडते. ती जागा शोधून टाका घालावाच लागतो, नाहीतर छप्पर काढल्यावर पित्त पोटात गळत राहील.

पाणी निघालं की घुमट खाली बसतो आणि महाशीर हळूहळू भरू लागते. आता कात्री. ही कात्री आवाजाची! तिचं पातं सेकंदाला ५५ हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि कापता कापताच रक्तवाहिन्या बंद करतं. कापायचं कुठवर, यात सगळं कसब आहे. घुमट जिथे निळा आणि पारदर्शक आहे तिथे नुसती पातळ भिंत असते. जिथे तो तपकिरी होऊ लागतो तिथून यकृत सुरू होतं, म्हणजे रक्त आणि पित्ताच्या नळ्या. खळग्याच्या तळाशी कधी कधी उंचवट्यासारख्या रेघा दिसतात. कुणाला वाटेल सुरकुत्या आहेत, पण त्या ताणल्या गेलेल्या शिरा आणि पित्तनलिका असतात. हात लावायचा नाही! त्या ओळखण्यासाठी काही ठिकाणी इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग आधीच शिरेतून देतात. यकृत तो उचलून पित्तात टाकतं, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पित्ताच्या नळ्या पडद्यावर उजळून निघतात. हा रंग गेल्या शतकात कोडॅकच्या, म्हणजे फोटोची फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता.

यकृताच्या आतला हा नकाशा सर्जनांना मिळाला कसा? क्लोद कुइनो नावाच्या फ्रेंच सर्जनकडून. मृत माणसांच्या यकृतातल्या नळ्यांमध्ये तो पातळ प्लास्टिक भरायचा. ते घट्ट झालं की यकृताचं मांस रसायनात विरघळवून टाकायचा. मागे उरायचं नळ्यांचं रंगीत झाड, फांद्या, डहाळ्या, सगळं जिथल्या तिथे. अशी शंभराच्या आसपास झाडं त्याने तयार केली आणि १९५७ च्या पुस्तकात दाखवून दिलं, की बाहेरून एकसंध दिसणारं यकृत आतून आठ भागांचं आहे. प्रत्येकाला रक्त आणणारी आपली फांदी, पित्ताची आपली नळी. म्हणून एखादा भाग काढला तरी बाकीचे चालू राहतात. एक ते आठ क्रमांक दिले, आणि त्यातला पहिला भाग कुठला माहीत आहे? महाशिरेला पुढून बिलगून बसलेला! तिथली सिस्ट म्हणजे सगळ्यांत अवघड पेपर. पुढे जपानच्या मासातोशी माकुउची यांनी ऑपरेशन चालू असतानाच उघड्या यकृतावर सोनोग्राफी करायची पद्धत रुजवली. त्यामुळे मांसाआडची शीर कात्री पोचण्याआधीच दिसू लागली.

मावशींच्या सिस्टची मागची भिंत, महाशिरेला चिकटलेली, तशीच ठेवली. तिच्यावर दाब देणारं पाणीच आता साठणार नाही, मग भिंत असली काय, नसली काय! बाजूला एक रबरी नळी काही दिवस ठेवतात, उरलंसुरलं पाणी आणि पित्त गळतंय का ते दिसावं म्हणून. एवढी मोठी पिशवी गेली तरी मावशी बहुधा थोड्याच दिवसांत घरी जातात.

पायांची सूज कुठे जाते? कातडीखाली साठलेलं पाणी रक्तात परततं, रक्त आता मोकळ्या महाशिरेतून वर जातं आणि मूत्रपिंडं जास्तीचं पाणी गाळून टाकतात. मावशींना लघवीला सारखं जावं लागतं आणि चप्पल सैल होत जाते. कोपऱ्यात चेपून बसलेलं यकृतही हळूहळू ऐसपैस होतं. आणि जेवण? पहिल्यांदा पोळी-भाजी पूर्ण संपते, तेव्हा घरच्यांना सगळ्यांत आधी कळतं की काहीतरी बदललंय.

कापलेलं छप्पर फेकून देत नाहीत हं. ते प्रयोगशाळेत जातं. तिथे त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साध्या सिस्टला आतून पेशींचा एकच थर असतो, पित्ताच्या नळीला असतो तसलाच. अहवालात तसं लिहून आलं की सर्जन निश्चिंत. वेगळं काही निघालं तर पुन्हा विचार करावा लागतो.

आणि तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच, की ही पुन्हा होते का? कधी कधी होते. छप्पर कंजूषपणे, छोटंसंच कापलं तर कडा एकमेकींना किंवा शेजारच्या अवयवाला चिकटतात, भोक बुजतं आणि पाणी पुन्हा साठू लागतं. म्हणून सर्जन शक्य तेवढं मोठं छप्पर काढतात, आणि मावशींना काही महिन्यांनी पुन्हा एकदा सोनोग्राफीसाठी यायला सांगतात.